आंबोलीची ट्रिप, पण पानांच्या आतली बुरशी शोधायला

गुरुवार, रात्री

आंबोलीला माणसं पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला जातात, कॅमेरेवाले रात्री टॉर्च घेऊन बेडूक आणि साप शोधायला जातात, आणि आम्ही ऑक्टोबरात निघालो होतो झाडांची चांगली, हिरवीगार, एक डाग नसलेली पानं तोडायला. कशाला, तर त्या पानांच्या आत जी बुरशी राहते ती ओळखायची म्हणून. आईला सांगितलं तर म्हणाली, बुरशी बघायला इतक्या लांब कशाला जायला हवं, तुझ्या फ्रीजमधला ब्रेड बघ की.

मंडळी अशी: माझी मैत्रीण, जी याच विषयात पीएचडी करतेय, तिचे गाइड ज्यांना आम्ही सगळेच नुसतं सर म्हणतो, गाडी चालवणारे दादा, आणि मी. मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, एमएस्सी बॉटनी होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे बुरशीशी माझा संबंध आता अकरावीच्या एका धड्यापुरताच उरलाय. मला नेलं ते लेबलं लिहायला, माझं अक्षर बरं आहे एवढ्याच क्वालिफिकेशनवर.

सातारा मागे पडल्यावर सरांनी गाडीतच क्लास सुरू केला. पानाच्या आत, पेशींच्या मधल्या फटींमध्ये बुरशीचे बारीक धागे असतात, पान आजारी पडत नाही, बाहेरून काही म्हणता काही कळत नाही, याला एन्डोफाइट म्हणतात, आणि आजवर ज्या ज्या झाडाचं पान कोणी नीट तपासलं त्यात हे बहुतेक सापडलेच आहेत. काही गवतांमध्ये ही बुरशी बीमधूनच आईकडून पोरीकडे जाते पण मोठ्या झाडांचं तसं नसतं. तिथे कोवळं पान फुटतं ते जवळजवळ रिकामं, मग हवेतून आणि पावसाच्या थेंबांतून बीजाणू येऊन त्यावर पडतात, दव असलं की रुजतात, आत शिरतात, आणि पान जितकं जुनं तितके त्यात भाडेकरू जास्त. पनामाच्या जंगलात यावर सॉलिड काम झालंय. तिथेच २००३ मध्ये कोकोच्या रोपांवर (चॉकलेटवालं झाड) असं दाखवलं गेलं की पानात अशा बुरश्या असल्या तर फायटोप्थोरा नावाच्या जंतूच्या रोगात ते पान कमी मरतं. म्हणजे सगळेच भाडेकरू फुकटे नाहीत.

मी विचारलं, मग ओळखायचं कसं, मायक्रोस्कोपखाली पान धरलं की दिसतं का. सर म्हणाले, धागे दिसतील, कष्टाने, पण धागा बघून नाव सांगता येत नाही. नाव हवं असेल तर त्याला पानातून बाहेर काढायचं, वाढवायचं, बीजाणू धरेपर्यंत थांबायचं, आणि नाहीच धरले तर डीएनए. एवढं बोलून सर झोपले, आणि मला जी झोप लागायची होती ती उडाली.

शुक्रवार

आजऱ्याच्या पुढे धुकं लागलं. आंबोली साधारण ६९० मीटरवर, पाऊस वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपण पुण्यात ज्याला पाऊस म्हणतो त्याच्या कितीतरी पट. बुरशीवाल्यांना ही जागा का आवडते हे वेगळं सांगायला नको, जून ते सप्टेंबर इथलं प्रत्येक पान ओलं असतं आणि ओल्या पानावर बीजाणू रुजतो. म्हणूनच पावसाळा संपता संपता यायचं, भरती होऊन गेलेली असते.

होमस्टेवाल्या काकूंनी घावणे आणि खोबऱ्याची चटणी दिली, ते खाऊन लगेच मागच्या मालकीच्या रानात शिरलो. वनखात्याच्या हद्दीतलं कलेक्शन दुसऱ्या दिवशी होतं, त्याची परवानगी मैत्रिणीने कित्येक महिने आधीपासून कागद फिरवून काढलेली. ती कागदपत्रांची फाइल पानांच्या थैलीपेक्षा जाड होती.

पहिलं झाड अंजनी. हे झाड महाबळेश्वरपासून खाली सगळीकडे या माथ्यांवर भरपूर, समोरासमोर येणारी जाड चिवट पानं, मधली शीर सोडली तर बाकीच्या शिरा दिसतच नाहीत. मग जांभूळ, त्याचं पान चुरगळलं की वास येतो आणि कडेला समांतर जाणारी एक बारीक शीर दिसते. मग पिसा, पानं फांदीवर झुबक्यात आणि खालची बाजू पांढुरकी. आता हे सगळं मी इथे का सांगतेय, तर सरांचा हट्ट होता की झाड आधी पक्कं ओळखायचं, फांदीचा नमुना रद्दीत दाबून घ्यायचा, जीपीएस घ्यायचं, आणि मगच पान तोडायचं. कारण पुढे सहा महिने डोकं घालून बुरशीचं नाव लावलं आणि झाडच चुकीचं निघालं तर तो रेकॉर्ड कचऱ्यात, नुसता कचऱ्यात नाही तर दुसऱ्या कोणाची तरी दिशाभूल करत पेपरमध्ये बसून राहतो. हे त्यांनी दिवसभरात इतक्यांदा सांगितलं की दादापण पाठ म्हणायला लागले.

प्रत्येक झाडाची दोन वयाची पानं घ्यायची होती. एक टोकाची कोवळी, जांभळाची तर मस्त लालसर असतात, आणि एक खालची, निदान एक पावसाळा खाल्लेली. पान निरोगी हवं, किडीचं भोक नको, डाग नको, पक्ष्याची शिट नको. सोपं वाटतं ना? जुनं आणि तरी बेडाग पान सह्याद्रीत शोधून दाखवा. अर्धा अर्धा तास एकेका झाडाखाली मान वर करून. पानं वर्तमानपत्रात गुंडाळायची, मग पिशवीत, मग आइसबॉक्समध्ये, थेट प्लास्टिकमध्ये घातली तर आत घाम धरतो आणि बाहेरच्या बुरश्या पानावर पार्टी करतात.

एक आजोबा गुरं घेऊन चालले होते, थांबून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "गो बाय, ही पानां कित्याक व्हयी तुमका?" मैत्रीण म्हणाली, आजोबा, यांच्या आत बुरशी असते, ती बघायचीय. आजोबांनी आमच्या हातातलं चकचकीत पान बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "बुरशी व्हयी तर त्या पलीकडच्या झाडाची घेवा, त्याका पुरी लागली हा." आणि खरंच पलीकडे एका आंब्याला करपा लागून पानं काळी पडलेली. आम्ही ती घेतली नाहीत म्हटल्यावर त्यांचा आमच्यावरचा उरलासुरला विश्वास उडाला.

गंमत म्हणजे आजोबांचं म्हणणं तितकंसं चुकीचं नव्हतं. आंब्यावर करपा आणणारी कोलेटोट्रायकम बुरशी निरोगी पानांतपण गुपचूप बसलेली सापडते, जगभर, शेकडो झाडांत. तीच जात का तिची चुलत बहीण, आज गप्प बसलीय ती उद्या झाड दमलं की उठणार का, हे सगळे प्रश्न नावापाशी येऊन अडतात. म्हणून ओळख महत्त्वाची, नुसतं "बुरशी सापडली" याला काही अर्थ नाही.

संध्याकाळी काकूंच्या जेवणाच्या टेबलावर लॅब लागली. पंखा बंद, खिडक्या बंद, टेबल स्पिरिटने पुसलेलं. लॅमिनार फ्लो (गाळलेली हवा सोडणारं लॅबमधलं कपाट) वगैरे इथे कुठून येणार, तर मैत्रिणीने एक मोठा पारदर्शक प्लास्टिकचा डबा उलटा करून त्याला हात घालायला दोन भोकं पाडून आणलेली, आत हवा हलत नाही एवढंच त्याचं काम, आणि ते तो करतो. कोणी म्हणेल पानं पुण्याला नेऊनच करायचं की, पण पान तोडल्यापासून एक-दोन दिवसांत काम झालं पाहिजे, नाहीतर पान मरायला लागतं आणि आतले घाईवाले बाकीच्यांना खाऊन टाकतात.

पद्धत अशी. पान नळाखाली धुवायचं. मग ७५ टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट, मग ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये तीन मिनिटं, परत अल्कोहोल अर्धा मिनिट, मग निर्जंतुक पाण्यात दोन-तीनदा बुडवून काढायचं. हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीचच, काकू आत डोकावून म्हणाल्या, अगो हा तर आमच्या बाथरूमचा वास. यात सगळा खेळ वेळेचा आहे. कमी ठेवलं तर पानावर बाहेरून पडलेले बीजाणू जगतात आणि तुम्ही धूळ मोजत बसता, जास्त ठेवलं तर औषध आत झिरपतं आणि ज्यांना शोधायला आलो तेच मरतात. अंजनीचं पान चामड्यासारखं, ते तीन मिनिटं आरामात सोसतं, जांभळाचं कोवळं पान मात्र बिचारं कडेने पांढरं पडायला लागलं म्हणून त्याला सरांनी मिनिटभरातच बाहेर काढलं आणि वहीत तसं लिहायला लावलं.

मग ते धुतलेलं पान एका कोऱ्या प्लेटवर (बुरशी वाढवायची जेली, म्हणजे अगर, ओतलेली बशी) हलकेच दाबायचं आणि उचलायचं, त्या प्लेटला झाकण लावून बाजूला ठेवायचं. त्यावर काही उगवलं तर समजायचं की बाहेरची सफाई झालेली नाही, त्या पानाचे सगळे निकाल बाद. मला हा भाग सगळ्यात आवडला, कारण इतकी साधी चाचणी आहे आणि तरी ती न करता छापलेले पेपर भरपूर आहेत असं सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज तेव्हा चढला होता.

शेवटी पानाचे ५ मिलिमीटरचे चौकोनी तुकडे, एका प्लेटमध्ये दहा, बटाटा-डेक्स्ट्रोज-अगरवर, त्यात क्लोरॅम्फेनिकॉल घातलेलं म्हणजे बॅक्टेरिया येत नाहीत. पॅराफिल्म (ताणून बसणारी पट्टी) गुंडाळायची, लेबल. इथे माझं अक्षर कामी आलं, "अं-२, जुनं, ३" असं काहीतरी प्रत्येक प्लेटवर. रात्री अकरा वाजले. जेवायला बसलो तर दुसऱ्या खोलीतला फोटोवाल्यांचा ग्रुप पिट व्हायपर मिळाला म्हणून नाचत होता, त्यांनी विचारलं तुम्हाला काय मिळालं, मैत्रीण म्हणाली, बुधवारपर्यंत कळेल.

शनिवार

आजचा दिवस नरक्यासाठी राखून ठेवलेला. सोबत वनखात्याचे गार्ड दादा. नरक्या हे छोटं झाड, पान चुरगळलं की घाण वास येतो, नाव उगाच नाही पडलेलं. पण याच्या लाकडात आणि मुळात कॅम्प्टोथेसिन असतं. हे रसायन पहिल्यांदा १९६६ मध्ये अमेरिकेत वॉल आणि वानी यांनी एका चिनी झाडातून काढलं, १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं की आपल्या नरक्यात ते आहे, आणि यापासून बनवलेली टोपोटेकान, इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं आज दवाखान्यांत वापरतात. झालं, त्यानंतर सह्याद्रीतल्या नरक्याचे वाईट दिवस सुरू झाले. झाड मुळासकट उपटून, तुकडे करून, पोती भरून. गार्ड दादा एकेका झाडापाशी उभे राहून आधी आजूबाजूला बघायचे, मग आम्हाला म्हणायचे, घ्या पण फांदी तोडू नका, पानंच घ्या. आम्ही पानंच घेतली.

आता इथे पानातल्या बुरशीचा संबंध काय, तर २००५ मध्ये जम्मूच्या शास्त्रज्ञांनी छापलं की नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी बाटलीत वाढवली तर ती स्वतःच कॅम्प्टोथेसिन बनवते. विचार करा, झाड तोडायलाच नको, टाकीत बुरशी वाढवा! त्याच्या आधी १९९३ मध्ये अमेरिकेत यू झाडातल्या बुरशीबद्दल असाच टॅक्सॉलचा (हेही कॅन्सरचं औषध) दावा झाला होता, आणि त्या दोन पेपरांनंतर जगभर अर्धे एन्डोफाइटवाले औषधाच्या मागे धावायला लागले. मी पण वाटेत एकदम एक्साइट झाले होते. सरांनी ती हवा काढली. बाटलीत तयार होणारं रसायन फार थोडं असतं, आणि बुरशी एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर नेत गेलं की ते कमी कमी होत जातं, पुढे बंदच. टॅक्सॉलच्या त्या मूळ बुरशीचा जीनोम २०१३ मध्ये जर्मन ग्रुपने परत तपासला तर टॅक्सॉल स्वतंत्रपणे बनवायला लागणारे जीन्स त्यांना सापडले नाहीत. सरांचं मत स्पष्ट आहे, आधी कोण आहे ते नीट ओळखा, मग तो काय बनवतो ते विचारा, आपल्याकडे हे उलटं चालतं. मला हे पटलं, पण गार्ड दादांचा चेहरा थोडा पडला, त्यांना ती टाकीची आयडिया फार आवडली होती.

दुपारी हिरण्यकेशीला गेलो, नदीचा उगम, गुहेत देऊळ. २०२० मध्ये इथल्या पाण्यातून एका छोट्या माशाची नवीन जात नोंदली गेली, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. इथून एकही पान घेतलं नाही, नुसतं बसलो. सर पाणी प्यायला वाकले आणि तिथेच एका पडक्या ओंडक्यावर त्यांना झायलेरिया नावाची बुरशी दिसली, जमिनीतून बोटं बाहेर यावीत अशी काळी, टोकं पांढरट. म्हणाले ही ओंडक्यावर दिसते ना, हिची भावंडं आपल्या आइसबॉक्समधल्या हिरव्या पानांत असतील, बघाच.

हे मला डोक्यात बसायला वेळ लागला. लाकूड कुजवणारी बुरशी जिवंत पानात काय करते? एक म्हणणं असं आहे की ती पानात बसून वाट बघते, पान गळून खाली पडलं की त्यातून लाकडावर उतरते, म्हणजे पान हे तिचं फक्त वाहन. सगळ्या जातींना हे लागू असेल असं नाही, पण उष्ण प्रदेशातल्या जंगलांत जिकडे तिकडे पानांतून झायलेरिया निघते हे मात्र खरं.

रात्री परत डबा, ब्लीच, लेबलं. आज काकू येऊन बसल्या आणि पॅराफिल्म ताणून गुंडाळायला शिकल्या, आमच्यापेक्षा सफाईने.

रविवार

परतीचा दिवस, सांगण्यासारखं कमी. प्लेट्स उलट्या ठेवून, वर्तमानपत्र कोंबून, सीटवर. डिकीत ठेवल्या तर तापतात. कोल्हापुरात मिसळीला थांबलो तेव्हा एकजण गाडीत एसी लावून बसायचं असं ठरलं, पाळीपाळीने मिसळ खाल्ली. दादा म्हणाले लग्नाच्या वऱ्हाडातल्या दागिन्यांचीपण इतकी काळजी घेतलेली बघितली नाही.

बुधवार, पुणे

कॉलेज सुटल्यावर थेट मैत्रिणीच्या लॅबला. दाबून उचललेल्या कोऱ्या प्लेट्स स्वच्छ, एक सोडून, त्या पानाचे तुकडे सरांच्या नियमाप्रमाणे सरळ बाद. बाकीच्या प्लेट्समध्ये तुकड्यांच्या कडेतून कापसासारखे धागे बाहेर यायला लागलेले. आणि पनामावाली गोष्ट डोळ्यांसमोर, कोवळ्या पानांचे बहुतेक तुकडे गप्प, जुन्या पानांच्या जवळपास प्रत्येक तुकड्यातून काही ना काही बाहेर आलेलं, एकेका तुकड्याच्या दोन कडांनी दोन वेगळ्या रंगाच्या बुरश्या. पाच मिलिमीटरच्या तुकड्यात! म्हणजे एका अख्ख्या पानात किती असतील याचा हिशेब करा.

पण इथे एक गोची आहे. जी बुरशी फास्ट वाढते ती दोन दिवसांत प्लेट व्यापते आणि हळू वाढणाऱ्या तिच्याखाली दबून जातात, मग तुम्हाला वाटतं पानात हीच एक होती. म्हणून मैत्रीण रोज सकाळ-संध्याकाळ येऊन धाग्याचं नुसतं टोक कापून वेगळ्या प्लेटवर हलवते. शिवाय अशा कितीतरी बुरश्या असतात ज्या बटाट्याच्या अगरवर उगवतच नाहीत, त्यांचा पत्ता पानाचाच डीएनए काढून सगळा एकदम वाचला तरच लागतो. ते बजेटमध्ये नाही सध्या.

पुढच्या आठवड्यातला शनिवार

मायक्रोस्कोपचा दिवस, ज्यासाठी मी खरं तर थांबले होते. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्ल्यूचा एक थेंब, त्यात सुईच्या टोकाने थोडीशी बुरशी, वर कव्हर स्लिप.

पहिली पिस्टेलोटिऑप्सिस. ही ओळखता येत नाही असा माणूस नसेल. पाच कप्प्यांचा बीजाणू, मधले तीन तपकिरी, दोन्ही टोकांचे रंगहीन, आणि एका टोकाला दोन-तीन लांब मिशा. मी ओरडलेच. सर म्हणाले ओरडा पण नाव पूर्ण लिहू नका, कारण २०१४ मध्ये या जीनसचे (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे) तीन जीनस झालेत, मधल्या तीन कप्प्यांपैकी सगळे सारखे फिके का सारखे गडद का वेगवेगळे यावरून नावापुढे निओ आणि स्यूडो लावून दोन वेगळे काढले, आणि पुढची जात तर नुसत्या बीजाणूवरून ठरतच नाही.

मग अंजनीतून आलेली कोलेटोट्रायकम, प्लेटवर केशरी-गुलाबी चिकट ठिपके, बीजाणू एककप्पी, रंगहीन, दोन्ही टोकं गोल. पूर्वी याला बिनधास्त कोलेटोट्रायकम ग्लोइओस्पोरिऑइड्स लिहून मोकळे व्हायचे. २०१२ मध्ये त्या एका नावाखाली २२ जाती आहेत असं जीन्सवरून दाखवलं गेलं आणि त्यानंतर भर पडतेच आहे. जुन्या पेपरांतली यादी वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं, नाव तेच पण त्यामागे कोण होतं ते आता कोणी सांगू शकत नाही, कल्चर (ती वाढवलेली जिवंत बुरशी) जपून ठेवलं असेल तरच.

आणि मग ती, जी अंजनीत, जांभळात, पिशात, नरक्यात, सगळ्यांत निघाली. हळू वाढणारी, काळपट हिरवी, वेड्यावाकड्या कडेची. बीजाणूभोवती चिकट पदार्थाचा जाड थर आणि टोकाला एक छोटी शेपटी. फिलोस्टिक्टा, आणि बहुतेक फिलोस्टिक्टा कॅपिटालेन्सिस. हिचं वर्णन पहिल्यांदा १९०८ मध्ये ब्राझीलमधल्या एका ऑर्किडवरून झालं, आणि आज कळतंय की उष्ण प्रदेशात लाकूडवाल्या झाडांची पानं उघडा, ही आहेच. दक्षिण भारतातल्या जंगलांतून तर ही वेगवेगळ्या कुळांतल्या ढीगभर झाडांत मिळालीय.

हिची एक गोष्ट सरांनी सांगितली ती मला सगळ्यात जास्त आवडली. लिंबू-संत्र्याच्या फळांवर काळे ठिपके आणणारी तिची एक बहीण आहे, फिलोस्टिक्टा सिट्रिकार्पा. युरोप त्या रोगाची फळं बंदरावरूनच परत पाठवतो. वर्षानुवर्षं शास्त्रज्ञ गोंधळात होते की ज्या देशात रोगच नाही तिथल्या संत्र्यातपण ही बुरशी कशी सापडते, कधी रोग करते कधी करत नाही, असं कसं. २००२ मध्ये डीएनएवरून उलगडा झाला की या दोन वेगळ्या बुरश्या आहेत, निरुपद्रवी जी आहे ती हीच, सगळ्या झाडांत राहणारी. ओळखायची एक सोपी खूण पण आहे, ओटच्या पिठाच्या अगरवर वाढवली तर रोगवाली पिवळा रंग सोडते, ही सोडत नाही. आणि रोगवालीचा तो चिकट थर पातळ असतो. थराच्या जाडीवरून कोणाचा तरी कंटेनर अडतो किंवा सुटतो, म्हणून मी मघापासून म्हणतेय नाव महत्त्वाचं.

बाकीच्या प्लेट्समध्ये काय? जवळपास एक तृतीयांश प्लेट्समध्ये नुसते धागे. पांढरे, करडे, एक तर सुंदर काळी, पण बीजाणू नाहीत म्हणजे नाहीत. अशांना पेपरात "वांझ धागे" या अर्थाच्या नावाखाली एकत्र टाकून देतात. मैत्रीण हट्टी आहे, तिने त्यांना उपाशी ठेवलं, साध्या पाण्याच्या अगरवर, त्यावर उकळून निर्जंतुक केलेल्या अंजनीच्याच पानाचे तुकडे, आणि वरून जवळच्या अतिनील प्रकाशाची ट्यूब. काहींनी ऐकलं. त्यातल्या एका पांढऱ्या-काळ्या प्लेटवर शिंगासारखे कोंब उभे राहायला लागलेत, सर बघून फक्त हसले, हिरण्यकेशीचा ओंडका आम्हाला सगळ्यांनाच आठवला. बीजाणू अजून नाहीत तिच्यावर.

डिसेंबर, सिक्वेन्स आल्यावर

उरलेल्यांचा डीएनए काढून आयटीएसचा तुकडा वाढवला, बाहेरून सिक्वेन्स करून आणला. हा रायबोसोमच्या जीन्समधला पाच-सहाशे अक्षरांचा भाग, २०१२ मध्ये बुरश्यांचा अधिकृत बारकोड म्हणून मान्य झालेला. सिक्वेन्स जेनबँकमध्ये टाकला की मिनिटात उत्तर येतं, ९९ टक्के मॅच, अमुक अमुक. मला वाटलं संपलं. सर म्हणाले, आता सुरू झालं. कारण त्या सार्वजनिक साठ्यात कोणीही काहीही नाव लावून सिक्वेन्स टाकू शकतं, २००६ च्या एका तपासणीत असं निघालं होतं की बुरश्यांच्या सिक्वेन्सपैकी सुमारे २० टक्क्यांवर चुकीचं नाव असू शकतं. म्हणजे पहिला मॅच घ्यायचा नाही, ज्या कल्चरवरून मुळात ती जात वर्णिली त्याचा सिक्वेन्स शोधायचा, त्याच्याशी जुळवायचं, आणि कोलेटोट्रायकमसारख्यात तर आयटीएस सगळ्या बहिणींचा इतका सारखा की दुसरे दोन-चार जीन्स वाचल्याशिवाय बोलायचंच नाही.

एका करड्या धाग्यांना तर कशाशीच धड मॅच नाही, सगळ्यात जवळचा मॅचपण "अनोळखी बुरशी, पानातून" असाच लिहिलेला, तोही दुसऱ्या खंडातला. जगात बुरश्यांच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात असा २०१७ चा अंदाज आहे आणि नाव मिळालेल्या जेमतेम दीड लाख, त्यामुळे आश्चर्य नाही, पण आंबोलीच्या पिशाच्या पानातला तो आणि तिकडचा तो, हे दोघं एकच असतील तर मज्जा आहे.

सध्या यादी अशी अडकलीय: फिलोस्टिक्टा कॅपिटालेन्सिस पक्की. पिस्टेलोटिऑप्सिसवाल्यांपैकी काही निओ निघाल्या, जात बाकी. कोलेटोट्रायकमसमोर "ग्लोइओस्पोरिऑइड्स समूह" एवढंच, बाकीचे जीन्स जानेवारीत. झायलेरिया फक्त जीनसपर्यंत. नरक्यातल्या बुरश्यांचं रसायन तपासायचं का, यावर मैत्रीण आणि सर यांचं अजून एकमत नाही. पक्क्या झालेल्या सगळ्यांच्या जोड्या आघारकर संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात द्यायच्या आहेत, त्यासाठी प्रत्येक नळीवर परत लेबल लागणार, आणि ते लिहायला मलाच बोलावलंय.